आडवा वारा

शर्वाणीने दोन्ही हवामानं टाकून दिलीत.
चौदा दिवस फुकट, मग एकाचेच पैसे.
पहिल्यातले ढग बघून ही म्हणाली, हेच घ्या,
गादीच्या दुकानात टांगलेत जसे.
दुसऱ्यातले मळके,
बेलापूरला दुपारी असतात ते,
कडाच नाहीत त्यांना.

ढगांचं मला काय?
सत्तावीस वर्षं बस हाकली.
ऐरोलीच्या पुलावर, खाडीच्या मध्यावर,
गाडी रिकामी असली
की डावीकडे हातभर सरकायची.
स्टिअरिंग आधी तळव्याला सांगायचं,
वारा नंतर कानाला लागायचा.

काल उलव्याला उतरवलं, पहिल्या हवामानात.
वारा होता, कोपऱ्यात, आकड्यात लिहिलेला.
विमान रुळावरून आल्यासारखं आलं.
इतकं अलगद टेकलं
की माझी मलाच लाज वाटली.

मग दुसरं लावलं.
पारसिकची टेकडी मागे पडली
आणि खाडीवर उजवा पंख कुणीतरी
खांद्याने ढोसल्यासारखा उचलला.
पाय ब्रेकवर गेला,
तिथे ब्रेक नव्हता, टेबलाची फळी होती.
विमान थेट खारफुटीत.
ही स्वयंपाकघरातून, काय पडलं हो?

रात्री साडेअकराला गॅलरीत उभा राहिलो,
बोट ओलं करून बाहेर धरलं.
वायव्येचा.
आत येऊन पाहिलं, पडद्यावरही वायव्येचा.

अजून बारा दिवस फुकटचे आहेत,
शर्वाणी म्हणते, काका, थांबा, हे दुप्पट महाग आहे.
म्हटलं, आजच भर.
आणि ते ढग थोडे कमी होतात का बघ.
मला पूल दिसला पाहिजे.