बुडाला लागलेलं

ओसाकाच्या तोकुमोतोंनी
एकतीस वर्षं एकच काम केलं :
भात बुडाला लागू न देणं.

आणि इथे शिराझमध्ये माहलगा खानम
त्यांचं भांडं ताटात उपडं घालून विचारते,
"खरपूड कुठंय?"
मी दुभाषी. तहदीग म्हणजे काय
हे सांगता सांगता माझ्याच तोंडाला पाणी सुटतं :
बुडाचा तो केशरी, कुरकुरीत थर,
जो आधी पाहुण्याला,
आणि ज्याच्यावरून सख्ख्या बहिणींत अबोला.

ते वहीत लिहून घेतात : दोष हवा आहे.

चार महिने तिच्या ओट्याशी उभं राहून
भात करपवत राहिले. तेवीस मिनिटं, चाळीस, पन्नास.
शेजारची पोरं धुराला त्यांच्या नावानं हाक मारायची.
शेवटी यंत्राला आलं नवं बटण,
फिक्यापासून खमंगापर्यंत पाच आकडे.
खानमनं चारवर लावलं. खाल्लं.
"बरं आहे. पण रोज असंच्या असंच येणार?"
हे मी त्यांना सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी तोकुमोतो
एक तुकडा मीठ लावून खात होते, उभ्यानंच.
म्हणाले, आई लोखंडी भांडं खरवडायची,
धाकटा म्हणून मला मिळायचं.
मग आमच्याच कंपनीचं यंत्र घरी आलं.

ओसाकात देणार का हे बटण?

"तिकडे याची तक्रार येते," म्हणाले,
आणि त्यांच्या दाताखाली काहीतरी
बराच वेळ वाजत राहिलं.