पखाल

बिशप मार कामिशो यांनी चर्मपत्र परत पाठवलं,
खजुराच्या गलबतातून, दोन ओळी लिहून:
अक्षर चांगलं आहे.
चमत्कार कुठे आहे?

मी दिवा जवळ ओढला.
मुशीच्या तेलाचा वास खोलीभर.
बाहेर माशमाहीगचा किनारा ओहोटीनं उघडा पडलेला,
शिंपल्यांच्या ढिगावर पाणकावळे
पंख वाळवत उभे, आळशी धर्मगुरूंसारखे.

रब्बान बर्नून गेले त्याला तीन रविवार झाले होते.
मी लिहिलं होतं ते असं:
पाणबुड्याचा मुलगा, स्वतः पाणबुड्या.
एकोणीस हंगाम मोत्यांसाठी तळ गाठला.
डावा कान फुटला, उजवा निम्मा उरला.
मग एका सकाळी मठाच्या दाराशी ओल्या अंगानं उभे राहिले.
का, ते कुणाला सांगितलं नाही.
पुढे चाळीस वर्षं मठाधिपती.
ऐकू कमी यायचं, म्हणून स्तोत्र
नेहमी एक ओळ मागे म्हणत.

बस, एवढंच.
हो, प्रार्थनाघराचा गिलावा वाकडा झाला
तेव्हा आठवडाभर गवंड्याशी बोलले नाहीत,
तेही लिहिलं होतं.
आणि बुडालेल्या पाणबुड्यांची नावं
रोज रात्री पुटपुटत, बोटं मोडत,
त्यांत अग्नीपूजक होते, मूर्तीपूजक होते,
ज्यांचं नावच माहीत नाही असा एक पोरगाही होता;
हे लिहून मी खरवडून टाकलं.
बिशप निसिबिनच्या शाळेत शिकलेले.

चमत्कार कुठून आणू?
मेलेला उठला म्हणू?
माझ्या देखत तिघे बुडाले. तिघेही बुडालेलेच राहिले.
वादळ शमवलं म्हणू?
शमाल तीन दिवस वाहतो आणि आपणच थांबतो;
तिसऱ्या संध्याकाळी हात जोडणारा
कुणीही संत ठरेल.

मग ते वर्ष आठवलं.
विहीर मचूळ झाली होती, दोन्ही टाक्या कोरड्या,
आणि जकातीचा कारकून, ज्यानं आमचा कर दुप्पट केला,
तापानं फणफणून आमच्याच ओसरीवर पडलेला.
रब्बान तेव्हा साठीच्या पुढचे.
कंबरेला दोर, पायाला दगड,
काखेत रिकामी बकऱ्याची पखाल.
जिथे तळातून गार झरा उसळतो
तिथे पखालीचं तोंड धरलं, भरलं, अंगठ्यानं दाबलं,
वर आले. कानातून रक्त.
पहिला घोट कारकुनाला.

यात काय नवल?
तो झरा गावातल्या सात वर्षांच्या पोरालाही ठाऊक.
पण बिशप डोंगराकडचे;
समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो गेल्या वर्षी,
आणि नाकाला रुमाल लावून.

मी लिहिलं:
"जमिनीवरचं पाणी आटलं तेव्हा
रब्बान बर्नून खाऱ्या समुद्रात उतरले
आणि गोडं पाणी घेऊन वर आले."
एकही शब्द खोटा नाही.
तरी त्या रात्री झोप लागली नाही.

उत्तर लगेच आलं. स्मरणदिन ठरला.
आता वसंतात होड्या येतात, पार मेशानपासून,
लंगडे, वांझ, कर्जबुडवे,
सगळ्यांना त्या पाण्याचा घोट हवा.
पोरं बुड्या मारून आणून देतात,
एका पखालीला टोपलीभर खजूर,
आणि मला विचारतात, हे रडतात कशाला?

काल पैलतीराची एक म्हातारी
प्रार्थना संपल्यावर मागे थांबली.
तिला पाणी नको होतं.
म्हणाली, तुम्ही सगळे प्रत्येक ओळीनंतर
जरा थांबता. कुणाची तरी वाट बघितल्यासारखे.
का?

मी भिंतीकडे बोट दाखवलं.
म्हटलं, गिलावा वाकडा आहे, आजी.
आवाज उशिरा परत येतो.