पुढच्या उन्हाळ्याचा रंग

जानेवारी. आंतेलाओच्या पायथ्याशी
छपरांवर कमरेइतका बर्फ,
आणि आम्ही अकराजण आत
पुढचा उन्हाळा कापत बसलेलो.

ॲसिटेटचा तक्ता करवतीखाली गेला
की व्हिनेगरचा वास सुटतो.
केसांत राहतो, स्वेटरात राहतो.
एकतीस वर्षांत नवऱ्याने तक्रार केली नाही,
त्याच्याही केसांत तोच.
मुळात कापूस आणि लाकूडच हे, असं सांगितलं
तर पाहुण्यांना खरं वाटत नाही.

मिलानहून फियाम्मेत्ता रुस्कोनी आली,
बर्फाशी काही देणंघेणं नसलेले बूट घालून,
आणि टेबलावर तिने मोसम मांडला:
पिस्त्याचा हिरवा, पण धुऊन धुऊन विटलेला;
जर्दाळू, ज्याच्या आतून उजेड यावा;
लिंबू. "पिवळा नको, नीवेस,
पिवळा नुकताच उठून गेल्यासारखा."
काडी टायटेनियमची, गवताच्या पात्याएवढी.
काच वर गडद, खाली विरत गेलेली,
म्हणजे डोळे आहेत एवढंच कळावं.
"आणि काळा?" एर्मेसने विचारलं.
"काळा गेला," ती म्हणाली,
शेजारचं कुणी गेल्याचं सांगावं तशी.

मला हसू आलं. हे तर बाबांचं दुकान.

बाबा, बोर्तोलो, मार्चमध्ये निघायचे
जर्मनीला, डुइसबुर्गमध्ये आइस्क्रीम विकायला.
खोऱ्यातले कितीतरी पुरुष जायचे तसे.
पिस्ता, जर्दाळू, लिंबू.
लोखंडाच्या भट्ट्यांच्या त्या गावात
त्यांनी उन्हाळा चमच्याने मोजून विकला,
आणि आम्ही तो पोस्टकार्डांवर वाचला.
ऑक्टोबरात परत. मग हिवाळाभर
इथेच, या खिडकीशी, फ्रेमांवर कानस चालवत.

त्यांचा चष्मा माझ्या खणात असतो,
पॉलिशच्या फडक्यांखाली.
फियाम्मेत्ताला हात पुसायचे होते.
फडकं ओढलं, आणि तो बाहेर आला.

"हा रंग कुठला?"

काय सांगणार. त्याला नंबर नाही.
घेतला तेव्हा नितळ होता, झऱ्याच्या पाण्यासारखा.
मग तीस उन्हाळ्यांचा घाम,
साखरेने चिकट झालेली बोटं,
रोजच्या चाळीस सिगारेटी.
उजवी काडी जरा जास्त काळवंडलेली:
हिशेब करताना ते ती दाताखाली धरायचे,
आणि हिशेब कधी जुळायचा नाही.

तिने तो खिडकीशी धरला.
त्यातून बाहेरचा बर्फ मधासारखा दिसला.
ती बराच वेळ काही बोलली नाही.

सातव्या खेपेला तक्ता जमला.
नाव ठेवलं, धुरकट मध.
मी म्हटलं, उजवी काडी गडद ठेवा.
"दोन्ही सारख्या लागतात, गिऱ्हाईक परत करतं."
मग पिंपात, बीचच्या लाकडाच्या तुकड्यांसोबत,
चार दिवस, चार रात्री गडगडत राहिला माझा बाप,
आणि मी प्रत्येक फ्रेम
डोळ्यांत तेल घालून तपासली.

जुलैत मिझुरिनाच्या तळ्याकाठी
एक पोरगी उभी, पिस्ता चाटत.
चेहऱ्यावर बाबा.
तिने एका हाताने चष्मा ओढून डोक्यावर सरकवला,
तेव्हा राहवलं नाही:
"दोन्ही हातांनी काढ गं. काडी सैल होते."
ती थोडी बाजूला सरकली.
बरोबरच आहे. कोण मी तिची?

सप्टेंबरात फियाम्मेत्ताचा फोन.
मध संपला म्हणे, आता ओल्या दगडाचा करडा.
आईची तब्येत विचारली, पावसाचं विचारलं,
आणि मग, सहज विचारावं तसं:
खणात आणखी काय काय आहे?