आडगाव, शेड नंबर चार

द्राक्षांचा हंगाम संपला की शेड आमची.
भाडं अकराशे, लाइटबिल वेगळं.
फरशीवर आडवं झालं की पाठीला
एखाद्या पेटीतला खिळा सापडतो.

सहा जण. संवाद नाहीत.
सोपान खैरनार सातपूरहून नाइट करून येतो,
त्याच्या मनगटात अजून पॉवर प्रेस चालू.
उर्मिला म्हणते, थांबवू नकोस, तोच घे.
मग तासभर आम्ही सगळे
त्या ठोक्यावर श्वास सोडतो.

एकदा क्रेट न्यायला आलेला हमाल
दारात थांबला. बराच वेळ.
सोपान मला खांद्यावर घेत होता,
प्रेत म्हणून.
‘कमरेनं नाही घ्यायचं, भाऊ.
गुडघ्याला आधी विचारायचं, येतो का म्हणून.’
विडी कानामागे खोचून तो पुढं झाला.
त्यानं कधी उचललं ते कळलंच नाही,
छताचा पत्रा जवळ आला, एवढंच.
त्याच्या मानेला कांद्याचा वास होता.

नाव विचारायचं राहिलं.

जानेवारीत शेड रिकामी केली.
सेट नाही, कपडेपट नाही,
न्यायला एक सतरंजी आणि चहाची किटली.
तरी शटर ओढताना
सहाही जणांचे गुडघे
आधी वाकले.