दहा हजार वादळं

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, काजूच्या बंद कारखान्यामागे
एक खोली आहे, जिथे मे महिन्यात मी स्वेटर घालते.
खारी हवा आत शिरू नये म्हणून दाराआड दार
नि आत दोन काळी कपाटं, माझ्याहून हातभर उंच.
मिरकरवाड्याच्या जेटीवरच्या सगळ्या होड्या विकल्या
तर एक कपाट येईल.
दुसऱ्याला कर्ज काढावं लागेल.

दिवसा ती आंबेवाल्यांची,
कुठल्या बंदरात पेटी किती दिवस तग धरेल वगैरे.
रात्रपाळी विमा कंपनीची.
साडेअकराला हुकूम येतो, मी एक कळ दाबते
आणि समुद्रात वादळं सुटतात. दहा हजार.
एकही खरं नाही. एकासारखं दुसरं नाही.
एखादं लक्षद्वीपापाशी जन्मतं, एखादं आळसावून मध्येच विरतं,
एखादं भरतीची वेळ साधून थेट आमच्या खाडीत.
प्रत्येकाचा वारा वेगळा, तिथी वेगळी,
किनारा मात्र तोच:
जयगड, मिऱ्या, भाट्ये, पूर्णगड.
माड मोडतात, कौलं उडतात, होड्या खडपावर फुटतात,
आणि उजाडेस्तोवर सगळ्याची बेरीज, सगळ्याचा भागाकार होऊन
एक आकडा उरतो:
पुढल्या साली हप्ता किती.

परवा मी नियम मोडला.
यादीत खाली खाली जात काकाची 'भगवती' शोधली.
नाव नव्हतं.
लांबी बेचाळीस फूट, लाकडी, वय एकोणीस, बंदर मिरकरवाडा.
ओळखलीच. घरचं माणूस पाठमोरंही कळतं.
सहा हजार दोनशे चाळीस वेळा बुडाली होती.

सकाळी काका जेटीवर जाळं सांधत बसलेला.
"काय गो, रातभर काय करत्येस त्या थंडीत?"
"तुम्हाला बुडवते. काल सहा हजारदा बुडवलं."
सुई दातांत धरून तो हसला,
"मग हा च्या कोण पितोय? माजं भूत?"

काकू हसली नाही.
बांगडे निवडता निवडता म्हणाली,
"सहाच हजार?
माजे कधीच जास्त झाले."

तिच्याकडे कपाट नाही, गार हवा नाही.
एका वेळी एकच वादळ,
तेही भाकरी थापताना.

मी तिला सात हजार तीनशे सोळावं सांगणार होते.
त्यात वादळ मिऱ्याच्या डोंगरासमोर येतं,
दीड तास तसंच उभं राहतं,
मग काय मनात येतं कोण जाणे, ओमानकडे निघून जातं.
आमच्या बाजूला एक कौल हलत नाही.
तो नंबर तळहातावर पेनाने लिहून आणला होता.

पण तिने टोपली माझ्याकडे सरकवली,
"बसल्येस तर हात लाव."
चौथ्या की पाचव्या बांगड्याला
तो पुसून गेला.