शब्दाला दीड रुपया

शब्दाला दीड रुपया, असं ठरलं गुंजाळांशी
गोखले रोडवर. एसीखाली बादली ठेवलेली,
आणि टेबलावर मिनेओकु:
घडीचं पत्रक, वाडी एक, माणसं एकेचाळीस.

'डोंगराच्या कुशीत वसलेलं' असं लिहिलं
आणि खोडलं.
आई भोरकडची. तिच्या बोलण्यातून मागून आणले
माची, सोंड, पाणंद, खिंड,
आणि गाव जरा बसलं जागेवर.

देवळामागच्या झाडांचं नाव सुगी.
आपली सुगी कापणीची.
यांची आठशे वर्षं उभी, फांदी पडली
तरी कुणी उचलत नाही.
देवराई, लिहिलं मी,
आणि पेन ठेवून चहा केला.

पुढे पाहण्यासारखी ठिकाणं.
झुलता पूल, एका वेळी पाचच जणांनी जावं.
गरम पाण्याचं कुंड (वज्रेश्वरी पाहिलेल्याला
काय सांगायचं).
बंद शाळा, तिच्या वर्गात बसवलेली बुजगावणी.
कुट्टूच्या शेवयांचं दुकान, गुरुवारी उघडं,
मालकीणबाईंना बरं असेल तर.
अस्वलं आहेत, कमरेला घंटा बांधून चालावं.
परतीची शेवटची बस चार दहाला.

गुंजाळांचा फोन: ताई, व्हेज मिळतं का
तेवढं ठळक टाका.
आणि ते अस्वल काढा, लोक बुकिंग करणार नाहीत.

अस्वल काढलं.
घंटा राहून गेली. आता कुणाला कळायचं नाही
ती कशासाठी.

भांडुपला आमच्या सोसायटीच्या फाटकावरही
एक पाटी होती: बिबट्याचा वावर,
संध्याकाळी मुलांना एकटं सोडू नये.
कोलवणकरांनी उतरवली, फ्लॅटचे भाव पडतात म्हणून.
बिबट्याला कुणी कळवलं नाही.
वॉचमन अजून काठी आपटतच
मागच्या भिंतीकडे जातो.

काल तिकडून दुरुस्ती आली,
ग्रामकचेरीतल्या तोचिहारांची, फार नम्र:
माणसं चाळीस करावीत.
शेवयांच्या दुकानाची ओळ वगळावी.
तसदीबद्दल क्षमस्व.

काढलेल्या शब्दांचे पैसे मिळत नाहीत.
त्यांची एक वेगळी फाइल आहे माझ्याकडे,
नाव दिलेलं नाही तिला.
दुकान तिथे ठेवलं, अस्वलाशेजारी.
आकडा बदलला.
मग एक चे अनेकवचन बघावं तसं
बराच वेळ चाळीसकडे बघत राहिले.