नग पाच हजार

दुपारी अडीचला फोन आला.
पिशव्यांची तोंडं चिकटवायच्या मशीनवर हात होता,
मोबाइल खांद्यानं कानाशी धरला.
पलीकडं कुणी पोलय्या.
मोडकं हिंदी, मागं वारा,
वाऱ्याच्या मागं आणखी काहीतरी
सारखं आपटत होतं.

मला वाटलं, ऑर्डर.
लसणाचं की तिखट, विचारलं. किती किलो?

किलो नको होते त्याला.
जाळ्यात कासव आलं होतं, मेलेलं.
तोंडातून अर्धी बाहेर आमची पिशवी.
अक्षरं त्याला वाचता येईनात, आकडे आले.
कुठलं गाव हे, म्हणाला.
सांगली म्हणलं. त्याला ठाऊक नव्हती.
त्याचं गाव मला.
मग त्यानं सोपं करून सांगितलं:
कृष्णा संपते ना, तिथं.

संपते?
आम्ही तिला चढताना बघितलंय, उतरताना बघितलंय,
आयर्विन पुलावर उभं राहून फूट मोजलेत.
संपताना कधी नाही.
आणि समुद्र म्हणलं की आम्ही मावळतीकडं बघतो,
गणपतीपुळे, सकाळी निघून रात्री परत.
ही बाई आयुष्यभर उलट्या दिशेनं चालली होती
आमच्या दारावरनं.

फोटो आला.
लाल मिरची, पिवळा पट्टा, आणि ठळक अक्षरात
"सागलीचे खमंग भडंग".
अनुस्वार नाही.

तो गठ्ठा.
इचलकरंजीच्या छापखान्यानं केलेली चूक,
परत पाठवायचा म्हणून माळ्यावर टाकलेला,
आणि चौथ्या दिवशी पाणी माळ्यावर.
एकोणीस साल.
एकही पिशवी भरली नव्हती, एकही विकली नव्हती.
ओसरल्यावर तलाठी आले, चिखलात खुर्ची टाकली,
मी सांगत गेले, ते लिहीत गेले:
चिरमुरे, पोती बावीस. तेल, डबे नऊ.
पिशव्या, नग पाच हजार, वाहून गेल्या.
खाली माझी सही.

वाहून गेल्या म्हणजे गेल्या.
आमच्याकडं त्याच्या पुढं वाक्य नसतं.

पोलय्यानं शेवटी विचारलं,
रागानं नाही, खरंच कळावं म्हणून,
काय होतं हो ह्यात? त्यानं का खाल्लं?
मी सुरू केलं, चिरमुरे, लसूण, शेंगदाणे, मेतकूट…
आणि जीभ थांबली.
खाली थी, म्हणलं.
हिंदीत खाली म्हणजे रिकामी.
मराठीत, तळाशी.
दोन्ही खरं होतं.
तो बराच वेळ बोलला नाही,
ते आपटणं तेवढं चालू.

शेजारचे हार्डवेअरवाले मगदूमकाका म्हणतात,
मधे केवढी धरणं, पिशवी कशी जाईल, कायतरीच!
मी पण रात्री एकेक धरण मोजते.
पुरात दारं उघडतात, काका.
उघडा म्हणून आपणच ओरडत होतो.

एक सापडली.
बाकीच्या चार हजार नऊशे नव्व्याण्णव
कुठल्या रकान्यात लिहायच्या?

हरिपूरला संगमेश्वराच्या देवळात
आधी दगडी कासवाला हात लावायचा, मग देवाकडं बघायचं,
सासूबाईंनी लावलेली सवय.
सोमवारी हात लावला.
तोंडाकडं बघवेना.

कागदाच्या पुड्या करून पाहिल्या.
तेल सुटतं, तासाभरात भडंग सादळतं,
पुण्याचं गिऱ्हाईक शिव्या घालतं.
डबा आणेल त्याला दहा रुपये कमी, अशी पाटी लावली.
महिन्यात तिघं आले.
त्यातला एक आमचाच भाचा.

मशीन अजून चालू आहे. खोटं कशाला बोलू.
प्रत्येक तोंड चिकटताना
चर्र असा आवाज येतो, आधीही यायचा.

काल छापखान्यातनं विचारणा आली.
निम्म्याच पिशव्या सांगितल्या.
अनुस्वार नीट द्या, म्हणलं.
तो म्हणाला, वहिनी, फोन नंबर काढू का?
हल्ली कुणी छापत नाही,
नको नको त्यांचे फोन येतात.

राहू दे, म्हणलं.
जरा मोठा करा.
पाण्यानं जात नाही अशी शाई असते ना,
ती.